खेळाडू बिघडलेत, हे कसं ठरवावं: मरोद्यातल्या नवशिक्यांसाठी

भिलाईच्या स्टील प्लांटजवळच्या मरोद्यात मत नसलेल्या माणसाला कुणी विचारत नाही. तुम्ही नागपूर-गोंदियाकडून नव्यानं इथं राहायला आला असाल, तर पहिल्या आठवड्यातच स्टेशनाजवळच्या चहाच्या ठेल्यावर कुणीतरी वडीलधारं गाठेल आणि म्हणेल, "काहून बाप्पा, आजकालचे खेळाडू म्हंजे निव्वळ गुन्हेगार झाले. तुम्हाले काय वाटते?" तेव्हा गांगरू नये म्हणून ही तयारी.

साहित्य फार लागत नाही. एक पेपर, तोही कालचा चालेल. भजी गुंडाळून आलेला असेल तर उत्तमच, कारण तेल खाली उतरतं आणि बातमीचा खालचा अर्धा भाग पारदर्शक करून टाकतं. "पोलिसांच्या म्हणण्यानुसार", "आरोप आहे", "जामिनावर सुटका" ही सगळी मंडळी नेमकी त्या खालच्या भागात राहतात. वरचं मथळ्याचं टाइप जाड असतं, ते टिकतं. तेवढं पुरे.

आता नावं गोळा करा. मे 2013: आयपीएलमधल्या स्पॉट फिक्सिंगच्या आरोपावरून दिल्ली पोलिसांनी श्रीसंत, अजित चंडिला आणि आपला मुंबईचा डावखुरा फिरकीपटू अंकित चव्हाण यांना मुंबईत उचललं. डिसेंबर 2020: मुंबईच्या विमानतळाजवळच्या एका क्लबवर कोरोनाचे नियम मोडल्याबद्दल छापा पडला, त्यात सुरेश रैना. फेब्रुवारी 2022: वांद्र्यात दारू पिऊन गाडी चालवली म्हणून विनोद कांबळी. तिन्ही प्रकरणं एका दमात, मध्ये स्वल्पविरामाएवढीही उसंत न देता म्हणायला शिका. फिक्सिंगचा आरोप, उशिरापर्यंत चाललेली पार्टी आणि सोसायटीच्या गेटला धडकलेली गाडी या वेगवेगळ्या वजनाच्या गोष्टी आहेत, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येता कामा नये. "सगळे आत जाऊन आलेत" या वाक्यात तिन्ही छान मावतात.

इथपर्यंत कुणालाही जमतं. कसोटी लागते ती समोर एखादा गणितवाला निघाला की. प्लांटच्या शाळेत शिकलेला असेल तर तो हमखास विचारणार, "किती जणांपैकी किती?" 2013 च्या आयपीएलमध्ये नऊ संघ होते, खेळाडू दोनशेंच्या वर, आणि अटक झाली तिघांना. हा छेद तोंडातून निघाला की तुमचं मत संपलं. म्हणून अंश तेवढा मोठ्यानं सांगावा आणि दल्ली राजहऱ्याकडून लोहखनिजाची मालगाडी येण्याची वाट पाहावी. ठेल्यावरचे सगळे डबे मोजू लागतात आणि प्रश्न गाडीबरोबर प्लांटाकडे निघून जातो.

मालगाडी उशिरा असेल तर अमेरिका काढावी. तिथल्या अंडाकृती चेंडूच्या फुटबॉलची मोठी लीग म्हणजे एनएफएल. 'यूएसए टुडे'नं तिच्या खेळाडूंच्या अटका आणि आरोपांची 2000 सालापासूनची यादी ठेवली आहे. त्याआधी 1998 मध्ये जेफ बेनेडिक्ट आणि डॉन येगर यांनी एक पुस्तक लिहिलं. 509 खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तर 109 जणांवर कधी ना कधी गंभीर गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला होता. म्हणजे पाचात एक! हा आकडा पाठ करा आणि तिथंच थांबा. कारण पुढच्याच वर्षी याच बेनेडिक्टनं आल्फ्रेड ब्लूमस्टाइन या गुन्हेशास्त्रज्ञाबरोबर बसून त्या खेळाडूंची तुलना त्याच वयाच्या, त्याच वंशाच्या बाकीच्या अमेरिकी पुरुषांशी केली. मारहाणीच्या अटकांचं प्रमाण खेळाडूंमध्ये निम्म्याहूनही कमी निघालं. पुस्तक गाजलं, त्या लेखाची चर्चा संख्याशास्त्रवाल्यांपुरती राहिली. तुम्ही पुस्तकवाल्यांच्या बाजूला बसा, तिकडे गर्दी असते.

आता एक अवघड जागा आहे, आणि खरं सांगायचं तर ती नवशिक्यांना शिकवावी की नाही याबद्दल माझं मन कचरतं. छेदाचा वापर उलट्या बाजूनंही होतो. 2014 मध्ये रे राइस या खेळाडूला होणाऱ्या बायकोला मारल्याबद्दल अटक झाली. लीगनं आधी दोन सामन्यांची बंदी घातली, आणि त्या मारहाणीचा लिफ्टमधला व्हिडिओ सप्टेंबरात बाहेर आल्यावर बेमुदत. त्याच सुमारास बेंजामिन मॉरिस या पत्रकारानं हिशोब मांडला. खेळाडूंच्या एकूण अटका त्यांच्या वयाच्या पुरुषांच्या मानानं जेमतेम 13 टक्के. पण घरातल्या मारहाणीच्या अटका तब्बल 55 टक्के. म्हणजे एरवी पोलिसांच्या वाटेला न जाणारा हा पैसेवाला गडी घरी मात्र तितका सरळ नाही. तुलना त्याच्याइतक्याच कमावणाऱ्या लोकांशी केली तर चित्र आणखी वाईट दिसतं. "आमच्या अटका सरासरीपेक्षा कमी" असं म्हणणारा आणि "पाचात एक गुन्हेगार" असं म्हणणारा, दोघांनाही हा एक आकडा नको असतो. ठेल्यावर तो काढू नका. सगळे एकदम बायकांबद्दल बोलू लागतात आणि संध्याकाळ नासते.

इथल्या फुटबॉलचं उदाहरण कुणी मागितलं तर गोव्याचं द्या, पण अर्धंच. मार्च 2024 मध्ये तिथं फुटबॉलच्या प्रकरणात अटक झाली, एवढं बोलून चहाचा घोट घ्या. अटक झाली ती अखिल भारतीय महासंघाच्या कार्यकारिणीतल्या दीपक शर्मांना, आणि मारहाणीची तक्रार केली होती खेळाडू मुलींनी, हे सांगत बसलात तर तुमचाच मुद्दा डोक्यावर उभा राहील.

सरकारी आकड्यांना मात्र घाबरू नका. एनसीआरबीच्या आत्महत्यांच्या अहवालात शेतकरी, रोजंदार, विद्यार्थी असा धंद्यावार तक्ता असतो; अटकेच्या तक्त्यात 'खेळाडू' असा रकानाच नाही. तुमचं मत सिद्ध करता येत नाही, पण कुणाच्या बापाला खोडताही येत नाही. यापेक्षा भक्कम पाया कुठला!

जुन्या अटकांचं पुढं काय झालं, ही चौकशी टाळावी. आयपीएलच्या त्या तिघांवर मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीचा कायदा, लावला होता. अंकित चव्हाणला स्वतःच्या लग्नासाठी कोर्टाकडून काही दिवसांचा जामीन घ्यावा लागला. जुलै 2015 मध्ये पतियाळा हाउस कोर्टानं 36 आरोपींना आरोपमुक्त केलं. दिल्ली पोलीस वरच्या कोर्टात गेले, बीसीसीआयची बंदी तशीच राहिली आणि चव्हाणची आजन्म बंदी पुढं सात वर्षांवर आली. आठ वर्षं पुरवून वाचायची ही बातमी आहे, आणि ठेला रात्री नऊला बंद होतो.

शेवटचा धडा सरावाचा. मरोदा टँकाकडच्या मैदानावर संध्याकाळी कॉलनीतली पोरं फुटबॉल खेळतात. ऑफसाइडवरून कधी जुंपतेच, एखाद्याचं नाक फुटतं आणि दोन-तीन जणांना नेवई ठाण्यात नेऊन बसवतात. तेव्हा वरचं सगळं बाजूला ठेवा. पोरगा कुणाचा ते आधी विचारा. आपल्या क्वार्टरांच्या ओळीतला असेल तर "वयच असं असते बाप्पा, गरम रक्त" असं म्हणत त्याच्या बाबांच्या स्कूटरवर मागे बसून ठाण्यापर्यंत जा. शेजारच्या ओळीतला असेल तर पेपर उघडा.