छेदरावांना अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री छेदराव यांसी,
मुक्काम रेषेखाली, निकालाचा तक्ता, मुंबई विद्यापीठ, फोर्ट.

विषय : आपण दर वर्षी इतके सडपातळ होता, याबद्दल जाहीर अभिनंदन.

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. पत्र लिहिण्यास कारण की, निकाल लागले आणि कॉलेजांच्या फाटकांवर फ्लेक्सही लागले. फ्लेक्सवर पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो, त्याहून मोठा संस्थाध्यक्षांचा फोटो आणि मधोमध ठळक टक्केवारी. या सोहळ्यात तुमचं नाव कोणी काढत नाही. रेषेच्या वर बसलेल्या अंशाला शाल आणि श्रीफळ, खाली उभं राहून भार वाहणाऱ्या तुम्हाला साधा चहासुद्धा नाही. खरी कर्तबगारी कोणाची, हे ठाऊक असलेल्या मोजक्या माणसांपैकी मी एक आहे.

मी बोईसरला राहतो आणि तालुक्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवतो. शिक्षकांच्या यादीत मी कधी असतो, कधी नसतो. समिती येणार असली की हमखास असतो. त्यामुळे मोजलं जाणं आणि न जाणं या विषयात माझा थोडा अभ्यास आहे.

आता तुमची करामत सांगतो. समजा, एफवायला 120 मुलांची तुकडी भरली. तीन वर्षांनी टीवायच्या परीक्षेला बसले 50. पास झाले 45. फ्लेक्सवर काय छापायचं? नव्वद टक्के! तुम्ही जर पहिल्या दिवशी होता तसेच धष्टपुष्ट राहिला असता, तर हाच आकडा साडेसदतीसवर आला असता आणि अध्यक्षांचा फोटो वाया गेला असता. मधले सत्तर जण कुठे गेले, असं विचारणारा रकानाच तक्त्यात नाही. ‘बसलेले’ आणि ‘उत्तीर्ण’, बस्स. जो बसलाच नाही तो नापासही नाही. त्याने कोणाचा निकाल बिघडवला नाही, उलट थोडा सुधारलाच.

आणि व्यवस्था किती सुबक पाहा. आमच्याकडच्या साध्या बीए-बीकॉमला वर्षानुवर्षं पहिल्या चार सत्रांच्या परीक्षा कॉलेजनेच घ्यायच्या, विद्यापीठाने हात घालायचा तो पाचव्या सत्राला. म्हणजे 1857 सालच्या या थोर विद्यापीठाची आणि पोराची परीक्षेच्या निमित्ताने पहिली खरी भेट होते, तेव्हा गळायचे ते केव्हाच गळून गेलेले असतात. जेवणाच्या पंगतीला उशिरा येऊन ‘वा, गर्दी अगदी बेताची ठेवलीत हं’ म्हणणाऱ्या पाहुण्यासारखं हे आहे.

तुमचं वजन नेमकं कधी उतरतं, हे इथे राहून मला जवळून पाहता आलं. वेळापत्रक फोर्टात ठरतं. तिथून बोईसर शंभरेक किलोमीटर, आणि फोर्टात भात पिकत नाही. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात तेव्हा विक्रमगड, जव्हार, मोखाड्याकडे पेरणीची घाई असते आणि मग जुलैत आवणी. ऑक्टोबरात सत्र परीक्षेचा फॉर्म आणि भातकापणी एकाच आठवड्यात येतात. दिवाळी झाली की मुकादम उचल देऊन गेलेला असतो. घरंच्या घरं भिवंडी, वसईच्या वीटभट्ट्यांवर जगायला जातात. भट्टीवर कामाला जोडी लागते. आईचं अंग दुखत असेल तर जोडीतलं दुसरं माणूस म्हणजे एफवायला असलेली पोरगी. ती येते पावसाच्या तोंडाला. तोवर दुसऱ्या सत्राची परीक्षा झालेली असते आणि 75 टक्के हजेरी न भरलेल्यांच्या यादीत तिचं नाव लागून फळ्यावरून उतरलेलंही असतं.

शिवाय तुम्हाला अवचित मदत मिळते ती वेगळीच. 2021 च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिलपर्यंत चालला. वस्तीची गाडी बंद म्हणजे पाड्यावरच्या मुलाचं कॉलेज बंद. नुकतीच कुठे करोनानंतर कॉलेजं उघडत होती. त्या वर्षी तुम्ही जे बारीक झालात ते पाहून मला तुमच्या प्रकृतीची खरोखर चिंता वाटली होती.

बोईसरच्या मुलांना शेत नाही, त्यांना तारापूर एमआयडीसी आहे. सकाळच्या लेक्चरला डोळे तांबारलेली दोन-तीन पोरं मागच्या बाकावर दिसतात, ती रात्रपाळी करून थेट आलेली. पहिल्या सत्रात ती डुलक्या घेतात, दुसऱ्यात त्यांना केटी लागते, तिसऱ्यात ती दिसत नाहीत. मग कधीतरी नवापूर नाक्यावर भेटतात, गळ्यात ठेकेदाराचं ओळखपत्र. ‘सर, बाहेरून देईन परीक्षा,’ असं हमखास म्हणतात. मीही ‘दे रे’ म्हणतो. टीसी न्यायला कोणी येत नाही. ज्याने दाखला नेला नाही तो कागदोपत्री गेलेलाही नाही.

अर्थशास्त्राचा मास्तर म्हणून मला त्यांचा हिशेब चूक म्हणता येत नाही. 2024 साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. विद्यावेतन असं : बारावी झालेल्याला महिना 6,000 रुपये, आयटीआय किंवा पदविका असेल तर 8,000, पदवीधराला 10,000. म्हणजे तीन वर्षं, सहा सत्रं, रेल्वेचा पास आणि माझी लेक्चरं सहन करून पोराची किंमत बारावीपेक्षा चार हजारांनी वाढली, आयटीआयवाल्यापेक्षा दोन हजारांनी. मागच्या बाकावरचं पोर हा हिशेब फॉर्म्युला न लावता करतं आणि आम्ही त्यालाच ‘सीमांत उपयोगिता’ समजावून सांगतो.

तुमच्या परदेशी भाऊबंदांची स्थिती मात्र फार वाईट आहे. अमेरिकेत 1990 साली एक कायदा झाला आणि कॉलेजांना आपल्याकडे किती मुलं पुरी शिकून बाहेर पडतात, ते जाहीर करणं भाग पडलं. त्यासाठी पहिल्या सत्रात जितकी नवी पूर्णवेळ मुलं आली तितका तुमच्या भावाचा आकडा त्याच दिवशी ठरतो. चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षं वाट पाहायची, मग मोजायचं. पोर मधेच कामाला लागलं, लग्न झालं, आजारी पडलं, तरी छेद हलत नाही. एवढं करून तिथला आकडा काय येतो? साधारण चौसष्ट. इतक्या श्रीमंत देशाला चौसष्टवर समाधान मानावं लागतं आणि आमचं गावातलं कॉलेज नव्वदीच्या खाली फ्लेक्सच लावत नाही! विश्वगुरू म्हणतात ते उगीच नाही.

दिल्लीतही मधून मधून तुमच्या वाईटावर लोक असतात. 2016 पासून जी एनआयआरएफ क्रमवारी निघते, तिच्यात ठरलेल्या मुदतीत किती जण उत्तीर्ण झाले, असा एक भोचक प्रश्न आहे. पण नव्या शैक्षणिक धोरणाने तुमची बूज राखली. आता एक वर्ष करून सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. सोडून गेलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं, सात वर्षांत पुरं करता येतं. कल्पना चांगली आहे, हे मी उपरोध बाजूला ठेवून म्हणतो. फक्त पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र हवं तर उन्हाळ्याच्या सुट्टीत चार श्रेयांकांचा व्यवसाय अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत! भट्टी ऐन भरात असते तेव्हा. वीट थापणं हा व्यवसाय अभ्यासक्रम धरला असता तर मोखाड्याचं एकही पोर प्रमाणपत्रावाचून राहिलं नसतं.

अंश हरवला तर काय होतं, ते आम्ही 2017 साली पाहिलं. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचं ठरलं, 31 जुलैची मुदत उलटली, निकाल लागेनात. विधिमंडळ, राजभवन, वाहिन्या, सगळीकडे हलकल्लोळ, आणि शेवटी ऑक्टोबरात कुलगुरूंना जावं लागलं. परीक्षेला बसलेल्यांचे निकाल लांबले म्हणून कुलगुरू गेले. न बसलेल्यांसाठी आजवर एखादा शिपाईसुद्धा गेलेला नाही. तुमचं आसन किती स्थिर आहे, ते यावरून ओळखा.

या भागाला मोजता येत नाही, असंही नाही. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र 1969 पासून इथेच, तारापूरला आहे. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांच्या इंधनाचा हिशेब थेट व्हिएन्नातली आंतरराष्ट्रीय संस्था तपासते. आत किती गेलं, किती वापरलं, उरलेलं कुठे ठेवलं. तिथून एसटी पकडून पलीकडे कॉलेजात या, तिथे 120 आत गेले आणि 50 सापडले तर पेढे वाटतात.

आणि शोधत जायची परंपराही इथलीच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 साली बोर्डीत आल्या, 1957 साली डहाणू तालुक्यातच कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तेव्हा त्यांची नावं कापून पट स्वच्छ करण्याची सोपी युक्ती या बायकांना सुचली नाही. त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. टक्केवारीचं शास्त्र त्यांना अवगत नसावं. आज कोणी सहावं सत्र वीटभट्टीवर न्यायचं म्हटलं तर आधी परिपत्रक लागेल, मग परिपत्रकाला मुदतवाढ.

आता एक सावधगिरीची सूचना. 2021 साली श्रेयांकांची बँक निघाली आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याला बारा आकडी ‘अपार’ क्रमांक देणं चालू आहे. कोण कुठे थांबला, कोणत्या सत्रात, कोणत्या तालुक्यात, हे संगणकाला एका कळीसरशी सांगता येईल. एखाद्या अधिसभा सदस्याच्या डोक्यात आलं की फ्लेक्सवर टक्केवारीच्या शेजारी तीन वर्षांपूर्वीचा एफवायचा पटही छापावा, तर तुमचं काही खरं नाही. सत्रांचं वेळापत्रक पालघर जिल्ह्यापुरतं भाताप्रमाणे हलवावं असंही कोणी सुचवेल. असे प्रस्ताव आले तर ते तत्काळ एका उपसमितीकडे पाठवावेत. उपसमितीला गणसंख्या मिळणार नाही याची काळजी तुम्ही घ्यालच, तो तुमचा हातखंडा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तासिका तत्त्वावरचा एक मास्तर, बोईसर

ता. क. : उत्तर धाडायचं असेल तर सत्र संपायच्या आत धाडा. सत्र संपलं की कॉलेजच्या पत्त्यावर माझं नाव राहत नाही आणि तिथल्या शिपायाला तुमचा लखोटा कोणाकडे द्यायचा, हे कळणार नाही.