ढेकण्या इलो!

काजूच्या किडींची माहिती कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत मिळते. ढेकण्या, फुलकिडे, पानं पोखरणारी अळी, रोठा. प्रत्येकीचा हंगाम, नुकसान आणि उपाय तिथे दिलेला असतो. एक नोंद मात्र राहून गेली आहे. सिंधुदुर्गातल्या कुठल्याही वाडीत कोवळ्या काजूकलमांना पालवी फुटली की ढेकण्याच्या मागोमाग, कधी कधी त्याच्याही आधी, एक माणूस गडग्यावरून आत उतरतो. हंगाम : दिवाळी ते शिमगा. नुकसान : मालकाच्या झोपेचं. उपाय : नाही. त्यांना आपण तात्या म्हणू. बऱ्याच वाड्यांत तसंच म्हणतात.

तात्यांना फाटक मानवत नाही. कमरेला कोयती, एका खिशात नातवाकडून कायमचं उसनं घेतलेलं भिंग, दुसऱ्यात खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली. तुम्ही हौसेने बाग दाखवायला निघता. वेंगुर्ला चार आणि वेंगुर्ला सात, दोन्हींची कलमं, सात-सात मीटरवर ओळीने लावलेली, तिसरं वर्ष, तांबूस पालवी उन्हात लकाकतेय. आल्यागेल्याने ‘वा’ म्हणावं, एवढीच अपेक्षा. तात्या उभ्याने बाग बघतच नाहीत. ते वाकतात. शेंड्याचं पान उलटं करतात, मग देठ, मग कोवळी काडी, आणि ‘हं’ म्हणतात. पत्रिका उघडून बसलेल्या भटजींकडे वधूपित्याने बघावं तसे आपण बघत राहतो. मंगळ आहे, हे आपल्यालाही कळून चुकलेलं असतं.

“ढेकण्या इलो,” तात्या जाहीर करतात. आवाजात दुःख असतं असं त्यांचं म्हणणं आहे.

मग वर्ग सुरू होतो. लालसर छातीचा, काळ्या डोक्याचा, पाठीवर घुंडीवाला बारीक काटा घेऊन हिंडणारा हा किडा कोवळ्या फुटीत सोंड खुपसून रस ओढतो आणि ओढताना आपली लाळ आत सोडतो. टोचल्या जागी काळपट डाग पडतो. डागाला डाग मिळाला की काडी वाळते, आणि पंधरा दिवसांपूर्वी मिरवत असलेलं कलम वणव्यातून काढल्यासारखं दिसू लागतं. मालक म्हणतो ऊन लागलं, मालकाची आई म्हणते नजर लागली. तात्या डागावर नख ठेवून दोघांनाही गप्प करतात. पुढे ते भिंग पुढे करून अंडी दाखवतात. मादी अंडी कोवळ्या देठाच्या आत खुपसते, बाहेर दिसतात ते केसासारखे दोन तंतू. आजवर हे तंतू तात्यांखेरीज कुणालाही दिसलेले नाहीत. “दिसले मां?” असं विचारल्यावर सगळी वाडी ‘दिसले’ म्हणते. नाही म्हटलं तर पुढचा देठ येतो.

औषध विकणाऱ्या दुकानदाराशी तात्यांचं जुनं वैर आहे. दुकानदार पानही न बघता तीन बाटल्या देतो आणि तिन्ही एकाच पंपात ओतायला सांगतो. शिफारस साधी आहे : पालवी फुटताना एक फवारणी, मोहोर येताना दुसरी, फळ धरताना तिसरी, तीही कीड दिसली तर आणि दर वेळी औषध बदलून. पण आपल्याकडे फवारणी कीड बघून होत नाही, शेजाऱ्याच्या पंपाचा आवाज ऐकून होते. तो सुरू झाला की हा सुरू. एकदा एकजण भर सकाळी, मोहोर फुललेला असताना, पंप पाठीला लावून निघालेला तात्यांना दिसला. तात्या गडग्यावरूनच ओरडले, “मेल्या, फुललेल्या मोहरार पंप कित्याक मारतंस? माशी मेली तर बी काय तुझो दुकानदार धरतलो?” काजूचं फळ धरणं माश्या-मुंग्यांच्या येण्याजाण्यावर असतं, हे त्या एका वाक्यात पूर्ण गावाला कळलं. पंपवाल्याला मात्र त्यातला ‘मेल्या’ तेवढा लक्षात राहिला.

खरी बहार चाकरमान्यांच्या कलमांवर असते. मालक डोंबिवलीला, बाग गावाला, मध्ये तात्या. “तात्यांनू, आमची कलमं कशी आसत?” असा रविवारी फोन येतो आणि तात्या समाचाराला आल्याच्या सुरात बोलू लागतात. फोटो पाठवला तर बघत नाहीत. “फोटोत काय दिसतला? शेंडो उलटो करून दाखव.” डोंबिवलीहून शेंडा उलटा कसा करायचा, हे ते सांगत नाहीत. अशाच एका कुटुंबाने मे महिन्यात कलमाला पहिला मोहोर कसा येईल याची स्वप्नं बघितली होती. मोहोर आला, बाईंनी गणपतीला साखर ठेवली आणि आठवड्याने फोनवर कळलं, “मोहर इलो हुतो. मोडून टाकलंय.” पहिली दोन वर्षं मोहोर ठेवला तर झाडाचं अंग धरत नाही, म्हणून तो काढायचाच असतो. तात्यांचं बरोबर होतं. त्यांचं बरोबर असतं, हाच तर त्रास आहे. दुसऱ्या एका गृहस्थांनी उंच वाढलेल्या कलमाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला होता. तात्यांनी खाली वाकून दाखवलं की कलम कधीच मेलंय आणि हा वाढलाय तो सांध्याखालून फुटलेला रायवळ. गृहस्थांनी तो फोटो भिंतीवरून उतरवला.

पण तात्यांची कळी खुलते ती रोठ्याला. ढेकण्या शेंड्याला, रोठा बुंध्याला. त्याचा भुंगेरा जमिनीलगत सालीच्या फटीत अंडी घालतो, अळी सालीखाली बोगदे काढत मुळांपर्यंत जाते. पानं पिवळी पडल्यावर मालक जागा होतो आणि तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. बुंध्याशी डिंक आणि भुसा दिसतो तेव्हाच जागं व्हायचं. तात्यांना भुसा दुरून दिसतो. ते पटाशी मागवतात, मांडी ठोकून बसतात, सालीचा कमीत कमी भाग दुखवत बोगद्याच्या मागावर जातात आणि बोटाएवढी पांढुरकी अळी जिवंत बाहेर काढतात. ती बाटलीत जाते. बाटली एस्टीच्या थांब्यावर जाते, पोस्टात जाते, आणि एका लग्नात बुंदीच्या पंगतीतही जाऊन आली. मेलेलं झाड मुळासकट काढा, नाहीतर त्यातूनच रोठा पुढच्या झाडांवर जाईल, असं ते पंगतीला सांगत होते. पंगत बुंदीकडे बघत नव्हती.

आता तुम्ही विचाराल, तात्यांची स्वतःची बाग कशी आहे? “माझ्या बागेत ढेकण्या नाय,” ते सांगतात, आणि ते खरं आहे. तिथे हुमले आहेत. पानं ओढून धरायची, आपल्याच अळ्यांच्या रेशमाने शिवायची आणि त्या घरट्यातून झाडावर पहारा द्यायचा, हे या तांबड्या मुंग्यांचं काम. ढेकण्याला त्या टिकू देत नाहीत. माणसालाही देत नाहीत. बी वेचायला आलेल्या बायका एकदा तात्यांच्या बागेत शिरल्या आणि शिमग्याआधीच नाचत बाहेर आल्या. तेव्हापासून गडी मिळत नाही. तात्या पहाटे अंगाला राख फासून एकटेच बोंडू गोळा करतात, आणि दिवसभर मान खाजवत दुसऱ्यांच्या बागा तपासतात.

तेव्हा या हंगामात पानांची सळसळ न होता गडग्यावर कुणी दिसलं, तर पंप लपवू नका आणि घरात नाही असंही सांगू नका. पहाट असेल तर त्यांच्याबरोबर बागेत चला आणि वाका. ऊन चढलं की ढेकण्या पानाआड जातो आणि तात्या तुमच्या घरी चहाला.