केरसुणीवर बसायचं नाही

मराठी घरात विझार्ड थीमचा वाढदिवस करायचा तर पहिली अडचण पैशांची येत नाही, केरसुणीची येते. तिकडच्या जादूगारांचं वाहन झाडू. इकडे केरसुणी म्हणजे साक्षात लक्ष्मी. तिला पाय लागला की नमस्कार करायचा, दिवेलागणीला झाडायचं नाही, लक्ष्मीपूजनाला नवी आणून तिला हळदकुंकू वाहायचं. आणि सहा वर्षांच्या मुलाने तिच्यावर मांड ठोकून दिवाणखान्यात गिरक्या घ्यायच्या? सासूबाईंनी प्रस्ताव जागच्या जागी फेटाळला. मग अपील झालं, सुनावणी झाली आणि निकाल असा लागला की खराटा चालेल, कारण खराट्याला कोणी हळदकुंकू वाहत नाही. बोहरी आळीतून खराटे आले. नारळाच्या हिरांवर हाफ पँटमध्ये बसून पाहिलं म्हणजे कळतं, विलायती जादूगार पायघोळ झगे का घालतात.

दुसरी अडचण घुबडाची. त्या जगात पत्रं घुबड आणतं, तेव्हा आमंत्रणावर घुबड हवंच. "शुभकार्याच्या पत्रिकेवर घुबड? लोक येतील का?" सासूबाईंनी विचारलं. नवरा म्हणाला, "अगं आई, घुबड लक्ष्मीचंच वाहन आहे." "ते बंगाल्यांकडे," असा निकाल आला. म्हणजे झाडूवर बसायचं नाही कारण ती लक्ष्मी, आणि घुबड काढायचं नाही जरी ते लक्ष्मीचं. शेवटी नवऱ्याने काढलेलं घुबड इतकं गुबगुबीत निघालं की सासूबाईंनी कबुतर समजून पास केलं.

झग्यांवर मात्र जोरदार रण माजेल असं वाटलं होतं, कारण वाढदिवसाला काळं घालायची आमच्याकडे छाती नाही. पण बोरन्हाणाला याच नातवाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून त्यांनीच पाटावर बसवलं होतं. तो फोटो भिंतीवरच आहे. मी फक्त त्याच्याकडे पाहिलं. मुद्दा मान्य झाला, पण संक्रांतीला हेच झगे पुन्हा वापरायचे, या अटीवर.

आमच्या चिरंजीवांना हे हॅरी पॉटरचं वेड लावलं माझ्या आठवीतल्या भाच्याने. तो या विषयातला घनपाठी. पहिलं पुस्तक 1997 साली आलं आणि नायकाचा वाढदिवस 31 जुलै, लेखिकेचाही तोच, हे तो झोपेतही सांगेल. त्याची हरकत तांत्रिक होती. जादूच्या शाळेचं पत्र अकराव्या वाढदिवसाला येतं, सहाव्याला कसं देता? त्याला सांगितलं, आपल्याकडे सहा पूर्ण झाली की पहिलीत घेतात, हे पत्र त्या नियमात बसतं. त्याने ते नापसंती नोंदवून मान्य केलं.

घरी 'हॅरी पॉटर आणि परीस' रात्री वाचून दाखवायचं काम आप्पांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे. आप्पा अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे जुने कार्यकर्ते. त्यामुळे प्रत्येक चमत्कारानंतर पुस्तक छातीवर पालथं पडायचं आणि "हे खरं नसतं हं बाळा" असा खुलासा व्हायचा. त्या वाचनात खलनायक येईपर्यंत पोर झोपलेलं असायचं. पार्टीचं कळल्यावर त्यांनी कपाटातून एक पुस्तिका काढून टेबलावर ठेवली. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तो व्हावा म्हणून आपण ऊन-पावसात उभे राहिलो आहोत, याची नोंद घ्यावी.

नोंद घेतली आणि काढ्यांचं, म्हणजे जादूच्या रसायनांचं खातं त्यांनाच दिलं. आप्पांची अट एकच : प्रत्येक जादूनंतर कारण सांगायचं.

मधल्या काळात एका इव्हेंटवाल्यांनी पंचेचाळीस हजारांचं पॅकेज सुचवलं होतं. त्यात थर्माकोलचा किल्ला आणि कोरड्या बर्फाचा धूर. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे आणि कोरडा बर्फ उणे 78 अंशांचा असतो. ज्या वयाची मुलं खडूही चाटून बघतात त्यांच्यासमोर हे ठेवायचं? आप्पांचा दर याहून बराच कमी होता : गच्चीतल्या वेलीची गोकर्णाची फुलं, लिंबं, हळद आणि खायचा सोडा.

फुलांवर गरम पाणी ओतलं की निळंशार होतं. त्यात लिंबू पिळलं की जांभळं, आणखी पिळलं की गुलाबी. सोड्याची चिमूट टाकली की फस्सकन फेस येऊन रंग पुन्हा निळ्याकडे फिरतो. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर सोड्याच्या पाण्याने नाव लिहिलं तर अक्षरं लालभडक उमटतात. मुलांनी आपापली नावं अशी लिहिली आणि कोरसमध्ये किंचाळली. आप्पा आम्ल आणि अल्कली समजावून सांगत होते. "आजोबा, कारण नको, अजून एक करा," अशी मागणी सभेने एकमताने मंजूर केली.

याच वेळी समोरच्या काकूंनी उघड्या दारातून आत डोकावलं. आत पडदे ओढून अंधार, मेणबत्त्यांच्या आकाराचे मिणमिणते दिवे, काळ्या झग्यांतली मुलं गोल करून बसलेली, मध्ये लिंबांचा ढीग, वाटीभर हळद, कागदावर रक्ताळलेली अक्षरं आणि पांढऱ्या केसांचे आप्पा हात वर करून काहीतरी म्हणत आहेत. काकू दोन पावलं मागे सरल्या. "सगळं ठीक आहे ना हो?" आप्पांनी शांतपणे टेबलावरची ती पुस्तिका त्यांच्या हातात दिली. काकू अजून आमच्याकडचं लिंबू घेत नाहीत.

मुलांना चार गटांत वाटणारी बोलकी टोपी हा प्रकार मी पुन्हा कधीही करणार नाही. मुलांचं काही म्हणणं नव्हतं, त्यांना फक्त हिरवी पट्टी हवी होती. पण एका आईने बाजूला घेऊन विचारलं, "वाटणीचे निकष काय आहेत?" दुसरीला आपला मुलगा शूरांच्या गटातच हवा होता. पडद्यामागून टोपीचा आवाज काढणारा माझा भाऊ एरवी बँकेत कर्जाचे अर्ज नाकारतो, म्हणून निभावला. बटरबिअरवर वाद व्हायच्या आतच तिचं नाव 'लोण्याचं दूध' केलं, कारण श्रावण होता. गूळ, लोणी, आटवलेलं दूध. दोन भांडी संपली.

मेणबत्त्या फुंकायच्या नाहीत, असं सासूबाईंचं म्हणणं पडलं. दिवा विझवून कोणी वर्षाची सुरुवात करतं का? मला ते पटलं. निरांजनाने औक्षण झालं, जादूगाराने झग्याच्या बाहीतून हात काढून आजीच्या पाया पडून घेतलं आणि मग केक कापला.

राहिला किल्ला. फ्रिजचं खोकं आणि पोस्टर कलर यांतून नवऱ्याने स्कॉटलंडमधला मनोरा उभारायला घेतला, तो बघता बघता बुरुज, तटबंदी आणि चोरदरवाजासह सिंहगडाकडे झुकला. चिरंजीवांनी माळ्यावरून मावळ्यांचा डबा काढला आणि जादूच्या शाळेवर पहारा बसवला.

कोणाला ही थीम करायची असेल तर झगे, टोपी आणि खराटे घेऊन जा. झगे संक्रांतीच्या आत परत हवेत. किल्ला मात्र मागू नका, त्यावर महाराज बसले आहेत.