‘टू’ काढून टाका

अडचण सांगायची झाली तर मी इंग्रजीत सांगतो. मराठीत सांगितली की ती माझी होते. ‘मला हे जड जातंय’ म्हटलं की वाक्याच्या तोंडालाच मी उभा, मान खाली घालून. इंग्रजीत कशी सोय आहे बघा: ‘धिस बुक इज डिफिकल्ट टू रीड.’ दोष पुस्तकाचा. वाचणारा कोण, त्याची अक्कल किती, याची वाक्यात चौकशीसुद्धा होत नाही. वारंगा फाट्याजवळच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून मी कमावलं काय, तर ही पळवाट.

ती शिकवतानाचा माझा थाट बघण्यासारखा असतो. फळ्यावर एक पोतं येतं. ‘इट इज डिफिकल्ट टू लिफ्ट धिस सॅक.’ मागच्या बाकावरून प्रश्न ठरलेला: “सर, हे इट म्हणजे कोण?” कोणीच नाही. इट ही कागदावरची सरपंच. खुर्ची तिची, कारभार मागं बसलेल्या ‘टू लिफ्ट धिस सॅक’चा. हे उदाहरण आमच्याकडं फार लवकर कळतं, काही घरांना तर जरा जास्तच, म्हणून पालकसभेच्या दिवशी मी ते वापरत नाही. मग इटला घरी पाठवायचं आणि पोतं पुढं आणायचं: ‘धिस सॅक इज डिफिकल्ट टू लिफ्ट.’ जे कुणाला उचलत नव्हतं ते पोतं वाक्यात एका दमात पहिल्या जागेवर जाऊन बसतं. त्यानंतर ‘आय हॅव डिफिकल्टी लिफ्टिंग इट’. इथं अख्खा वर्ग ‘टू लिफ्ट’ लिहितो आणि माझ्या लाल पेनाची दिवाळी होते.

आमच्या आजोबांची शाळा निजामाच्या राज्यातली, उर्दूतली. त्यांचं ‘मुश्किल’ त्यांना शेवटपर्यंत पुरलं. आम्हाला ‘डिफिकल्ट’ पाचवीत, इंग्रजीबरोबर भेटायचं. 2000 सालापासून सरकारनं इंग्रजी पहिलीपासून केली आणि ते पहिलीतच भेटायला लागलं. प्रगती आहे.

मध्यंतरी मला भाषाशास्त्र वाचायची हौस आली. हौस म्हणजे, स्टाफरूममध्ये चारचौघांत ‘चॉम्स्की’ म्हणता यावं एवढ्यापुरती. या नोम चॉम्स्कींनी 1964 साली दोन वाक्यं शेजारीशेजारी ठेवली: ‘जॉन इज ईगर टू प्लीज’ आणि ‘जॉन इज ईझी टू प्लीज’. दिसायला जुळी भावंडं. पहिल्यात जॉन दुसऱ्यांना खूश करायला धडपडतोय, दुसऱ्यात जॉन बसून आहे आणि त्याला खूश करणारा दुसराच कोणी. पुढं 1969 साली त्यांच्या पत्नी कॅरोल चॉम्स्की यांचं पुस्तक आलं. त्यांनी पाच ते दहा वर्षांच्या मुलांपुढं डोळ्यांवर पट्टी बांधलेली एक बाहुली ठेवली आणि विचारलं, ही बाहुली ‘ईझी टू सी’ आहे की ‘हार्ड टू सी’? समोर ढळढळीत दिसत होती बाहुली. पण लहानांतली बरीच मुलं म्हणाली, हार्ड! कारण तिच्या डोळ्यांवर पट्टी. ज्यांची मातृभाषा इंग्रजी, त्यांचं हे. वाचून मला जो आनंद झाला तो शिक्षकाला शोभणारा नव्हता.

लगेच प्रयोग. पाचवीचा वर्ग, बाहुली मागून आणलेली, रुमाल माझा. इंग्रजीत प्रश्न विचारला तेव्हा वर्ग माझ्याकडं असा बघत राहिला की रुमाल त्यांच्याच डोळ्यांवर असावा. मराठीत विचारायला गेलो तर प्रयोगच मोडला. ‘बाहुली दिसते का?’ आणि ‘बाहुलीला दिसतं का?’ यांत कोण फसणार? आपल्याकडं तो एक ‘ला’ पहारा देत उभा असतो. तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक पोरगी उठली, काही न विचारता तिनं रुमाल सोडला आणि मला म्हणाली, “आता दिसतंय तिला.” भाषाशास्त्र तिथंच थांबलं.

तरी मराठी अगदीच साव नाही. ‘गाडी सुरू होईना’, ‘दार उघडेना’, ‘डबा निघेना’ म्हणताना आपणही सगळं गाडीवर आणि दारावर ढकलतोच. इंग्रजांचं दारही ‘वोन्ट ओपन’ म्हणून हटून बसतं. पण आमच्या भागात एक जास्तीचं आहे: ‘जमंना गेलंय’. कळंना गेलंय, उचलंना गेलंय. यात नकार पुरा झालेला नसतो. माणूस अजून झटतोय, तेवढ्यात वाटेत भेटलेल्याला सांगतोय. आणि दुसरं ते व्याकरणातलं शक्य क्रियापद, ‘मला चालवत नाही’मधलं. शेवटी शेवटी माझी आई जिन्याशी उभी राहून म्हणायची, “चढवत नाही रे आता.” तक्रार नाही, हात दे असंही नाही. हे वाक्य मी वर्गात कधी भाषांतराला दिलेलं नाही.

असो. खिचडीचं राहिलंच. वारंगा फाट्याचा माणूस खिचडीशिवाय लेख संपवू शकत नाही, तसा ठरावच आहे म्हणा. घरची खिचडी ही आजाऱ्याची, नाहीतर सोमवारच्या आळसाची. फाट्यावरची खिचडी म्हणजे जेवण. हिंगोलीकडून येणारा आणि हदगावकडून येणारा, दोघं इथं नांदेडच्या वाटेला लागतात, आणि लागायच्या आधी बसतात. पिवळीधम्मक, वाफाळती, सोबत गरम भजी. पिवळी का नसावी? वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. आमच्याकडं हळद हा मसाला नसून पीककर्ज आहे. खाणाऱ्यांचा माझा अभ्यास दांडगा आहे. ‘थोडीच द्या’ म्हणणारा हमखास दुसऱ्यांदा मागतो. ‘नुसती चव बघतो’ म्हणणारा बायकोच्या ताटातली संपवतो. मोबाइलवर फोटो काढणाऱ्याची निवते, आणि निवलेली खिचडी काय चीज आहे हे त्याच्या तोंडावरून कळतं. आणि सोबत तळलेली मिरची. एकदा पुण्याच्या पाहुण्यांपुढं मी ती अख्खी खाल्ली. गावाची अब्रू होती. कानातून धूर, नाकातून धार, डोळ्यांसमोर नांदेडच्या वाटेवरचं अर्धापूर. त्यांनी विचारलं, “सर, तिखट लागली का?” मी रुमाल लावून म्हणालो, “धिस चिली इज डिफिकल्ट टू ईट.” मिरचीचा स्वभाव सांगितला. माझा त्यात संबंध नव्हता.

तर ‘टू’ काढून टाका. दहावीची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकाचं हे आवडतं खाद्य. ‘द सॅक वॉज टू हेवी फॉर द बॉय टू लिफ्ट.’ ‘हेवी’च्या आधीचा टू काढा, ‘सो’ घाला, ‘दॅट’ घाला, ‘कुड नॉट’ घाला, मार्क घ्या. झोपेत जमतं पोरांना. परीक्षा येते तेव्हाच इकडं हळद निघते. काढणी, शिजवणी, वाळवणी, पॉलिश. हजेरीपटावर निम्मा वर्ग गैरहजर, आणि जो येतो त्याचे हात कोपरापर्यंत पिवळे.

तशाच एका पिवळ्या हातानं वही पुढं केली. उत्तर बरोबर होतं, अक्षरही चांगलं. मी बरोबरची खूण केली तरी तो हलेना.

“सर, हे चुकीचं आहे.”

“काय चुकीचं? सो, दॅट, कुड नॉट. सगळं आहे.”

“पण उचलतंय की पोरगं. जड ऱ्हातंय, पण उचलावं लागतंय. कालच चाळीस-पन्नास उचलले.”

मला राग आला. त्याचा नव्हे. या पुस्तकांतली पोतीही विचित्र आणि पोरंही. तिथलं पोतं जड असलं की पोरगं सुखानं बाजूला होतं आणि वाक्य संपतं. आमच्याकडं वाक्य तिथं संपत नाही, ट्रॅक्टर उभा असतो. ‘टू हेवी’ म्हणायची चैन ज्याला परवडते त्याची ती भाषा. आणि ती चैन शिकवण्यात माझी हयात गेली, वर ऐटीत.

मी फळ्यावर लिहिलं: ‘द सॅक वॉज हेवी. द बॉय लिफ्टेड इट विथ डिफिकल्टी.’ आणि विचारलं, “आता?”

त्यानं दोनदा वाचलं. मान हलवली. “हे बरोबर आहे.” मग म्हणाला, “किती मार्काला येतं हे?”

“हे येत नाही.”

त्यानं वही मिटली आणि पुढच्या ‘टू’साठी दुसरी काढली.