पंचावन्न गुंठे भाकरी

शहरातल्या माणसाला संकल्प मोडायची संधी वर्षातून एकदाच मिळते. १ जानेवारीला करायचा आणि संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर गिळून टाकायचा. महाराष्ट्रातल्या छोट्या शेतकऱ्याची याबाबतीत चंगळ आहे. त्याच्याकडे नवी वर्षं हवी तेवढी. १ जानेवारी हे फुकट कॅलेंडर देणाऱ्या खत-दुकानदाराचं. गुढीपाडव्याला पंचांग बदलतं आणि सालगड्याचा करारही. कर्ज देणारी सोसायटी ३१ मार्च मानते, पाऊस मृग मानतो (म्हणजे मानायचा), तलाठ्याचं महसुली वर्ष १ ऑगस्टला उजाडतं, साखर कारखान्याचं १ ऑक्टोबरला, आणि उधारी देणारा व्यापारी दिवाळीच्या पाडव्याला नवी वही पुजतो. त्या कोऱ्या वहीच्या पहिल्याच पानावर जुनी बाकी ओढलेली असते, ही गोष्ट वेगळी. एवढ्या मुहूर्तांवर एवढे संकल्प सुटतात: यंदा एकरी शंभर टन ऊस, यंदा ठिबक, यंदा मुलीच्या लग्नाआधी विहिरीला कठडा. माझं म्हणणं असं की या सगळ्या गदारोळात बहुतेक वर्षी पुरं होणारं उद्दिष्ट एकच असतं. ते कोणी पारावर जाहीर करत नाही, कारण ते चुलीपाशी ठरलेलं असतं. छोट्या शेताचा खरा वार्षिक आराखडा स्वयंपाकघरात तयार होतो. शेत फक्त त्याची अंमलबजावणी करतं, तीही कुरकुरत.

हे पटत नसेल तर भाकरीपासून हिशेब मांडू. घरात पाच माणसं, प्रत्येकी दिवसाला तीन भाकरी, एका भाकरीला शंभर ग्रॅम पीठ. दिवसाला दीड किलो, म्हणजे वर्षाला साधारण साडेपाच क्विंटल ज्वारी. कोरडवाहू रब्बीचा एकर चार क्विंटल देतो असं धरलं, तर नुसत्या भाकरीला पंचावन्न गुंठे लागले. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रातलं सरासरी खातं १.३४ हेक्टरचं, म्हणजे अंदाजे एकशे बत्तीस गुंठ्यांचं. याचा अर्थ, मालक बांधावर उभा राहून ‘यंदा काय लावावं?’ असा गहन विचार करत असतो तेव्हा त्याच्या विचाराचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग तव्यावर आधीच भाजून झालेला असतो. उरलेल्यातून डाळीची तूर वजा करा, मिरची-लसणाचे वाफे वजा करा, चटणीपुरती कारळं नि जवस वजा करा, जनावरांच्या वैरणीची सोय लावा. मग जी पट्टी उरते तिच्यात मालकाने खुशाल शंभर टनाची स्वप्नं पाहावीत. या हिशेबाला कागद लागत नाही. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली शहरी सुनांना वाटी-चमच्याचं माप हाती दिलं. शेतावरच्या सासूपाशी त्याच्या कितीतरी आधीपासून चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली अशी सगळी उतरंड होती, आणि पाहुणे किती दिवस राहणार हे ओळखून त्यातलं नेमकं माप उचलायची अक्कलही होती.

यावर पहिला आक्षेप तज्ज्ञांचा. ते म्हणतात, हे पोट भरण्याचं गणित झालं, नियोजनाचं नव्हे. नियोजन म्हणजे उत्पादनवाढ. मला या शब्दाबद्दल आदर आहे, पण त्याचा एक जुना अनुभव ज्वारीच्या नावावर जमा आहे. १९६४ साली सीएसएच-१ हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. कणसं भरघोस, उतारा दांडगा, कागदावर कुठेच खोट नाही. खोट निघाली परातीत. खरिपात ऐन दाणा भरताना पाऊस आला की दाणा काळा पडायचा. पिठाला चव नाही, आणि बुटक्या ताटांचा कडबा तो केवढासा. उत्पादन वाढलं, पण भाकरी खाणाऱ्यांचा उत्साह वाढला नाही. उलट मोहोळची ती जुनी मालदांडी, उतारा बेताचा असूनही, सोलापूर-मराठवाड्याच्या रब्बीत ठाण मांडून बसली. तिची भाकरी पांढरी नि गोड, पापुद्रा टम्म फुगणारा, आणि खाली गोठ्यात तिचा कडबा गाय तोंड न फिरवता खाणार. पेरायचं काय हे एका परीने परातीपुढे बसलेल्या बाईच्या तळहाताने ठरवलं, असं मी म्हणेन. पीठ हाताला चिकटतं की चिरतं यापुढे तक्त्यातले क्विंटल फिके पडतात. बहात्तरच्या दुष्काळात आलेली परदेशी तांबडी मिलो ज्वारी लोकांनी खाल्ली, कारण पर्याय नव्हता. आवडीने पेरली मात्र नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बियाणं जपल्याबद्दल. वालाचं बी मडक्यात राखेत घालून ठेवताना त्यामागे ‘याचं कालवण चांगलं होतं’ एवढा विचार असेल, तर तो मला संशोधन केंद्राच्या निकषांइतकाच कडक वाटतो.

आता उद्दिष्टाच्या आणखी एका कसोटीकडे, म्हणजे मुदतीकडे येऊ. शेतातल्या कामाची मुदत लवचीक असते. ‘वाफसा आला की बघू’ या वाक्यावर अख्खं आर्द्रा नक्षत्र निघून जातं. त्यातून नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की गाढव यावर पारावर दोन तास चर्चा होते, आणि मग पाऊस येतो किंवा येत नाही. वाळवणाला ही चैन परवडत नाही. कुरडयांचं घ्या. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चोथा पिळून काढायचा, चीक रात्रभर निवळू द्यायचा. पहाटे वरचं पाणी ओतून द्यायचं, आधणात मीठ घालून चीक सोडायचा आणि गुठळी होण्याआधी घोटत राहायचं. दंडातून कळ निघाली की शिजत आला असं समजायचं. तो गरम असतानाच सोऱ्यात भरून खाटेवरच्या जुन्या साडीवर वेटोळी घालायची. यातली एकही पायरी ‘उद्या बघू’ म्हणून पुढे ढकलता येत नाही, कारण उद्या चीक आंबतो आणि परवा वळीव येतो. गहू भिजत घातला त्या दिवशीच पाचव्या दिवसाच्या उन्हाची पैज लागलेली असते. आणि या योजनेत तोटाही आधीच धरलेला असतो. शंभरातल्या पाच-दहा कुरडया कावळ्यांच्या, पंधरा-वीस अर्धवट वाळलेल्या राखणीला बसवलेल्या नातवंडांच्या. राखणदारच चोर आहे हे माहीत असून त्यालाच राखणीला बसवणं हा मुरलेल्या व्यवस्थापकाचा हिशेब आहे: चोरी होणारच, तर ती घरात राहू दे. पिळून उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या होतात, म्हणजे टाकाऊ असा शेरा मारायला जागाच नाही. २०१६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांचं उत्पन्न २०२२ पर्यंत दुप्पट करण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं होतं. ते साल येऊन गेलं, आणि दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट, हा वाद विद्वानांना पुरून उरेल. कुरडयांचं उद्दिष्ट कुठवर आलं हे श्रावणात पत्र्याचा डबा कानाशी हलवून कळतं.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आणि म्हणून अधिक जड. तो म्हणेल, अहो, कुरडई देऊन शाळेची फी भरता येत नाही. नगदी पीक घ्या, विका, आणि पापडाचं पाकीट दुकानातून आणा. पाकिटाबद्दल माझी तक्रार एवढीच की त्यात हवा जास्त असते. बाकी मुद्दा रास्त आहे. पैसा लागतोच, आणि पंचावन्न गुंठे भाकरीला देऊन उरलेल्यात कापूस, सोयाबीन, कांदा लावायला स्वयंपाकघराची मनाई नाही. त्याची अट एकच: जुगार खेळायचा तर जेवून खेळावा. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली तेव्हा गावोगाव टोमॅटोचे आराखडे तयार झाले. पाऊसकाळ सरेपर्यंत भाव असा कोसळला की तोडणीची मजुरी निघेना. त्याच वर्षी डिसेंबरात कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि चाळीतल्या कांद्याबरोबर कितीतरी वार्षिक उद्दिष्टं सडली. विकण्यासाठी पिकवलेल्या वस्तूचं उद्दिष्ट दिल्लीतल्या एका अधिसूचनेने मोडतं. बरणीतल्या कैरीला अधिसूचना लागू होत नाही. तिला लागू होतो फक्त ओला चमचा, आणि त्यावर दादरा बांधून, बरणी वरच्या फळीवर ठेवून, घरात सक्त हुकूम सोडून बंदोबस्त केलेला असतो. कांदा-लसूण मसाल्याचंही तेच. एप्रिलमध्ये डंकावर रांग लावून, शिंका देत, ब्याडगी रंगाला आणि लवंगी ठसक्याला असं प्रमाण साधून जो मसाला कुटून आणला, त्याचा भाव पुढच्या एप्रिलपर्यंत कोणी पाडू शकत नाही. भाजी महागली तर त्याच मसाल्यात पिठलं होतं, आणि घर पिठल्यालाही महाग झालं तर तेल टाकून नुसता मसाला भाकरीबरोबर खाता येतो. आकस्मिक निधी म्हणतात तो हाच.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र विनोदाने उत्तर देता येणार नाही. हे सगळं कौतुक ठीक, पण पहाटे चारला चीक घोटणारे हात कोणाचे? डंकाच्या रांगेत डोळे कोण चोळतं? या राबण्याला मजुरी नाही, नोंद नाही, आणि सुट्टी तर नाहीच. ज्याला मी आराखडा म्हणतो त्याला कोणी बिनपगारी सक्ती म्हटलं तर मी वाद घालणार नाही. उलट माझ्या युक्तिवादातून हेच निघतं: वर्षाचं नियोजन जर माजघरात होत असेल तर नियोजनकाराचं नाव कागदावर हवं. शेतकरी नेते शरद जोशींनी हे फार आधी ओळखलं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत पुरुषांनी बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करावा असा आग्रह होता, आणि त्यांनी मांडलेल्या चतुरंग शेतीत एक अंग चक्क ‘माजघर शेती’ होतं: पिकलेल्या मालावर घरातच प्रक्रिया करून तो विकायचा. म्हणजे तीच कुरडई, पण पैसे मोजून. आज बचत गटाच्या टेबलावर ‘घरगुती’ अशी चिठ्ठी लावलेलं पाकीट दिसतं तेव्हा निदान त्या दंडातल्या कळेला भाव लागलेला असतो, घासाघीस करूनच का होईना. गिऱ्हाईक तेवढ्यात म्हणतंच, ‘एवढे? आमच्याकडे घरी फुकट होतात.’

सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागल्याने आराखडा बदलेल, अशी भीती काही मालकांना वाटते. ती अगदीच अनाठायी आहे असं नाही. उताऱ्याची प्रत हातात पडली की बाई आधी तिची घडी घालून डाळीच्या डब्याखाली ठेवील, कारण महत्त्वाचे कागद तिथेच असतात. मग सहज विचारील, ‘त्या उसाच्या पट्टीत लसूण किती गुंठे बसेल हो?’