रॉकेलचा रॉक

संध्याकाळी सहाच्या सुमारास संग्रामपूरच्या एसटी स्टँडसमोर आधी एक पांढरी बेलबॉटम येते आणि तिच्या पाठोपाठ रॉकीभाऊ येतात. बेलबॉटम खरं तर सत्तरच्या दशकातली. साठमधली पँट घोट्याशी इतकी तंग असायची की ती घालताना माणूस भिंतीला धरून उभा राही. रॉकीभाऊंना हे माहीत आहे. पण पंचाहत्तरी उलटलेल्या गुडघ्याला तंग पँट चालत नाही, म्हणून त्यांनी दहा वर्षांची सूट घेतली आहे. कल्ले मात्र साठचेच आहेत, कानाच्या पाळीखाली दोन बोटं उतरलेले आणि मेंदीनं वीटभट्टीच्या रंगाचे झालेले. डोक्यावर आता काही नाही. तरी बोलता बोलता ते मान अशी झटकतात की कपाळावरची झुलपं मागं जावीत. केस गेले, झटका राहिला.

असा एक माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावी असतोच. जळगाव जामोदला एक आहेत, पण ते देव आनंदवाले. रॉकीभाऊंच्या मते तो पंथच वेगळा, त्यांच्यात सोयरिक होत नाही. आमचे हे शम्मी कपूरवाले. १९६६ साली आलेल्या 'तीसरी मंझिल'मध्ये शम्मी कपूर मसुरीच्या हॉटेलात ड्रम वाजवतो आणि त्याचं नाव असतं रॉकी. तेव्हापासून हे रॉकीभाऊ. खरं नाव सातबाऱ्यावर आहे, ते तिथंच राहू द्या.

रॉकीभाऊ वर्षं आकड्यांत मोजत नाहीत. धुऱ्याचं भांडण 'जंगली'च्या साली सुरू झालं, आंब्याचं झाड 'गुमनाम'च्या साली पडलं, वहिनी 'तीसरी मंझिल'नंतरच्या लग्नसराईत घरात आल्या. एकदा तहसीलमध्ये वारसाच्या नोंदीसाठी वडिलांच्या मृत्यूचं साल विचारलं, तर यांनी सिनेमा सांगितला. समोरचा कारकून तरुण होता. त्यानं मोबाइलवर सिनेमा शोधला आणि साल बरोबर लिहून घेतलं.

आता या गावात रॉक आला कसा, हे त्यांच्याकडूनच ऐकावं. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि त्यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार केली. शास्त्रीय संगीत ऐका म्हणाले. लोकांनी काटा फिरवला आणि थेट सिलोन गाठलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. पुढं १९५७ साली विविध भारती निघाली, पण ज्याला एकदा सिलोनची सवय लागली तो काही परतला नाही. "मराठी माणसानं दार लावलं म्हणून आमी खिडकीतून लंकेत गेलो," रॉकीभाऊ सांगतात. केसकरांवर त्यांचा राग आहे, पण उपकाराची जाणीवही आहे.

गावात तेव्हा रेडिओ मोजकेच. पोस्टातून त्याचं लायसन काढावं लागायचं. माळवदावर दोन बांबू रोवून मधे तांब्याच्या जाळीची एरियलची पट्टी ताणलेली असायची. तिच्यावर कावळा बसला की गीतमालेच्या अमीन सयानींचा आवाज बसायचा. बुधवारी रात्री आठ वाजता पोट्टे वाड्याच्या ओसरीवर जमायचे. त्यांच्यातल्या एकाची नेमणूक कावळा हाकलायला. रात्री आठला कावळा कुठून येणार, असं मी एकदा विचारलं. रॉकीभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाचा कप उचलला.

पुढं ट्रान्झिस्टर आला. नसबंदी केली की ट्रान्झिस्टर मिळतो अशी तेव्हा बोलवा होती, त्यामुळे ज्याच्या खांद्याला ट्रान्झिस्टर दिसे त्याच्याकडे गाव जरा निरखून पाही. रॉकीभाऊंनी कापसाच्या पैशातून घेतला होता आणि त्याची पावती दोन वर्षं खिशात बाळगली, कारण तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. सेल उतरले की ते उन्हात वाळत घालायचे, पापडाशेजारी. वाळवलेल्या सेलवर बुधवार निघून जायचा. फक्त शेवटचं, पायदानावर पहिल्या नंबरचं गाणं ऐन वेळी बसायचं. कित्येक वर्षांचे पहिले नंबर रॉकीभाऊंनी आजतागायत ऐकलेले नाहीत. ते कोणते असतील हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं आहे.

याच सुमारास शेतात एक भानगड झाली. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. गावानं तिचं नाव ठेवलं हायब्रीड. कणसं भरगच्च, पण कडबा बुटका आणि भाकरीला चव नाही म्हणून म्हातारी माणसं करवादायची. पुढच्याच वर्षी 'जानवर' आला. त्यात शंकर-जयकिशननं बीटल्सच्या १९६३ सालच्या एका गाजलेल्या गाण्याची चाल घेतली, तिच्यावर रफी आणि आशाबाईंचा आवाज बसवला आणि पडद्यावर टेड लायन्स नावाच्या मुंबईच्या पोराचा गिटारवाला ताफा उभा केला. रॉकीभाऊंच्या वडिलांनी ते गाणं ओसरीवर एकदाच ऐकलं आणि म्हणाले, "हे हायब्रीड हाय."

माझ्या मते साठच्या दशकातल्या हिंदी रॉकवर याहून नेमकी समीक्षा कोणी केलेली नाही. बियाणं परदेशातलं, माती आपली, पीक दणदणीत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना चव लागत नाही. त्या गाण्यांचं खत-पाणी करणारी माणसं तरी कोण? शंकर-जयकिशनकडे वाद्यमेळ बांधणारे गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा आणि ताल सांभाळणारे दत्ताराम वाडकर, ज्यांचा ढोलकीवरचा ठेका 'दत्ताराम ठेका' म्हणूनच ओळखला जातो. रॉकीभाऊ त्यावरून सिद्ध करतात की रॉक हा मूळचा आपल्याच बाजूचा. मी विरोध करत नाही. चहा त्यांच्याकडून असतो.

रॉक म्हणजे काय, हे मात्र तेव्हा गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. खामगावला कॉलेजात जाणारा एक जण सुट्टीत आला आणि त्यानं ओसरीवर हा शब्द टाकला. पोट्ट्यांनी बराच विचार केला. घरात त्याच्या जवळ जाणारा एकच शब्द होता: रॉकेल. मग ठरलं, रॉक म्हणजे रॉकेलच्या डब्यावर वाजवतात ते. पत्र्याचा चौकोनी रिकामा डबा, शेजारी दोरीनं टांगलेली पितळी परात आणि हातात पऱ्हाटीच्या सुकलेल्या काड्या, अशी संग्रामपूरची पहिली रॉक पार्टी उभी राहिली. काड्या मोडायच्या, पण कापसाच्या मुलखात त्यांना काय तोटा? डबा नीट धुतलेला नसे. तो तापला की सगळ्या ओसरीभर वास सुटायचा. आजही कुठं रॉकेलचा वास आला की रॉकीभाऊंचा उजवा पाय आपोआप ताल धरतो. आता गॅस घरोघर पोहोचला, रॉकेल दिसेनासं झालं. याचं दुःख होणारा जिल्ह्यात हा एकच माणूस असावा.

एक गोष्ट मला बरीच वर्षं कळली नव्हती. रॉकीभाऊ जेवतात उजव्या हातानं, सही उजव्या हातानं, पण डबा वाजवायला बसले की सगळं डावखुरं. परात डावीकडे, डबा उजवीकडे, काडी उलटी. शेवटी वहिनींनी उलगडा केला. 'तीसरी मंझिल' यांनी पाहिला तो सोनाळ्याला, सोनाजी महाराजांच्या यात्रेत आलेल्या टुरिंग टॉकीजमध्ये. खिशात पैसे कमी होते. पडद्याच्या मागच्या बाजूला बसलं तर कमी पैशात व्हायचं. म्हणजे शम्मी कपूर यांना दिसला तो उलटा, आरशातल्यासारखा. घरी येऊन त्यांनी पाहिलं तसं मांडलं. त्यात ऑपरेटरनं रिळांची अदलाबदल केली आणि खुनी कोण हे आधी दाखवून खून नंतर दाखवला. "म्या त पुन्ना कदी पाह्यलाच नाई," रॉकीभाऊ म्हणतात, "आपल्याले आधीच माहीत होतं ना कोन हाय तो."

वडिलांना हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. ते गुरुदेव सेवा मंडळाचे. खंजिरी वाजवणाऱ्या तुकडोजी महाराजांपुढं हजारोंचा समुदाय एका तालावर डोलताना त्यांनी पाहिलेला; १९५५ साली महाराज जपानला जाऊन आले तेही खंजिरी घेऊन. "एक मानूस, एक खंजिरी," ते म्हणायचे, "त्याले चार पोट्टे अन् इजेचे तार लागत नाईत." या वादात मी वडिलांच्या बाजूचा आहे. पण रॉकीभाऊंनी तडजोड काढली आणि तीच त्यांना भोवली. सामुदायिक प्रार्थनेला त्यांना खंजिरी मिळाली. दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी भजन रंगात आलं आणि यांचा हात 'गुमनाम'मध्ये गेला. पुढं बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी डोळे मिटून खांदे हलवायला सुरुवात केली. त्या दोघांना काही झालं नाही. खंजिरी यांच्याकडून काढून घेतली.

१९६८ हे साल त्यांच्या आयुष्यातली ठसठस आहे. त्या जानेवारीत बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन मुंबईत होता, एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करत होता. फेब्रुवारीत चौघं हृषीकेशला आले. रॉकीभाऊंना हे कळलं मागाहून, पेपरात. शेगाव स्टेशन मुंबई-हावडा लाइनवर आहे. रात्री गाडीत बसलं की सकाळी मुंबई. "पन त्या आठवड्यात कापसाच्या गाड्या खामगावले न्यायच्या व्हत्या, मास्तर." हे ते अशा सुरात सांगतात की जणू हॅरिसननं निरोप धाडला होता आणि यांनीच नाही कळवलं. मी एकदा म्हटलं, भेटून बोलला असता काय? ते म्हणाले, "बोलाचं कायले? म्या डबा नेला असता."

मागच्या दिवाळीला नातू पुण्याहून आला. तो तिथं कंपनीत आहे, कानात ती पांढरी बोंडं घालून फिरतो. आजोबांची बीटल्सभक्ती त्यानं लहानपणापासून ऐकलेली. त्यानं मोबाइल काढला आणि म्हणाला, आजोबा, आज तुम्हाला खरे बीटल्स ऐकवतो. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की साठ वर्षं बीटल्सबद्दल बोलणाऱ्या या माणसानं बीटल्स कधी ऐकलेच नव्हते. सिलोनच्या इंग्रजी सेवेवर लागत असतील; पण वाड्यातला रेडिओ ज्याच्या मालकीचा, त्याला इंग्रजी सुरू झालं की रेडिओ बिघडल्यासारखं वाटायचं आणि तो वरून थापट मारायचा.

नातवानं नेमकं तेच १९६३ सालचं गाणं लावलं. रॉकीभाऊंनी डोळे मिटले. उजवा पाय हलायला लागला. मग थांबला. कपाळाला आठी पडली. त्यांनी कानातलं बोंड काढलं, वेणीतल्या उवेसारखं चिमटीत धरलं आणि म्हणाले,

"हे त आपलं 'जानवर'चं हाय."

नातू म्हणाला, नाही आजोबा, हे मूळ. ते त्याच्यावरून.

"कोन सांगतलं तुले?"

त्यानं दोन्ही वर्षं दाखवली. १९६३ आणि १९६५. रॉकीभाऊंनी चष्मा लावून दोन्ही आकडे वाचले, मोबाइल परत दिला आणि निकाल दिला, "साल कोनीबी टाकते. सातबाऱ्यावर काय कमी खाडाखोड व्हते? चाल आपली हाय. चोरली त्या पोट्ट्यायनं. अन् चोरून बी नाई जमली. रफी कोठी हाय याच्यात?"

नातू चिवट. आजोबांचा मान राखायला त्यानं दुसरी गोष्ट काढली. 'गुमनाम'मधलं ते मुखवटेवालं नाचगाणं, ज्यात हाच टेड लायन्सचा ताफा वाजवतो आणि लक्ष्मी छाया नाचते, ते २००१ साली 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकन सिनेमाच्या अगदी सुरुवातीला वापरलंय, आणि तिकडची पोरं त्यावर वेडी झालीत. त्यानं ते दाखवलंही. अमेरिकेतली एक मुलगी आपल्या खोलीत टीव्हीवर ते गाणं लावून एकटीच नाचत होती. मला वाटलं, आता भाऊंचे डोळे भरून येणार. त्यांनी बोटं मोजली.

"छत्तीस वर्सं लागले त्यायले," ते म्हणाले. "आपल्या सोनाळ्याच्या जत्रेत तीन वर्सांत आल्ता."

लग्नाच्या वरातीत आता डीजे असतो. भिंतीएवढे स्पीकर आले की गावातले म्हातारे घरात जातात. रॉकीभाऊ कानात कापूस कोंबून ओट्यावर येतात आणि मन लावून ऐकतात. कापूस घरचाच. मागच्या उन्हाळ्यात एका डीजेवाल्यानं जुन्या गाण्याचं रिमिक्स लावलं. रॉकीभाऊंनी दोन मिनिटं ऐकलं, कानातला कापूस काढला, परत घातला आणि वडिलांचाच शब्द वापरला. हायब्रीड. म्हणताना मान झटकली, तेव्हा मला त्या कल्ल्यांच्या जागी टोपी आणि उपरणं दिसलं. वहिनी दारातून म्हणाल्या, "मामंजी बोलून राह्यले बाप्पा."

तर वाचक हो, शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला आलातच, तर पुढं एसटीनं वरवट बकालवरून संग्रामपूरला या. स्टँडसमोर सहानंतर बेलबॉटम दिसेल. रॉकीभाऊ चहा पाजतील आणि आग्रह केलात तर घरी नेऊन डबा वाजवून दाखवतील. तो अजून आहे, वहिनी त्यात तुरीची डाळ ठेवतात, त्यामुळे त्याचा आवाज डाळ संपत आल्यावर चांगला लागतो. शक्यतो महिन्याच्या शेवटी या. आणि ती चाल कोणाची होती, हा विषय चहा संपल्याशिवाय काढू नका.