टेबल नंबर चार

दादरच्या मराठी उपाहारगृहात टेबल ही कुणाची खासगी मालमत्ता नसते. चार खुर्च्यांवर प्लाझाच्या खेळाला निघालेल्या मावशी, क्लासमधून सुटलेला पोरगा आणि लग्नाच्या खरेदीच्या पिशव्या सांभाळणारं जोडपं असे तीन स्वतंत्र देश नांदतात. बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने मात्र एक टेबल, एक कुटुंब, एक बिल असा संसार गृहीत धरलेला. मग टेबल नंबर चारचे ४ए, ४बी, ४सी असे वाटे पडतात आणि मावशी पंख्याखालच्या खुर्चीवर सरकल्या की पोराची मिसळ त्यांच्या नावावर चढते.

जुना वेटर हे सगळं डोक्यात ठेवी. "दोन साबुदाणा, एक मिसळ तिखट कमी!" अशी भटारखान्याकडे आरोळी, आणि गिऱ्हाईक गल्ल्याशी पोचायच्या आत पाठीमागून बिलाचा आकडा. कोणी कितीचं खाल्लं ते अख्ख्या हॉटेलला कळे. आता टॅबवर बोट टेकलं की आत केओटीची चिठ्ठी निघते. तरी वेटर ओरडतोच! चिठ्ठी मालकाच्या हिशेबाला, आरोळी आचाऱ्याला.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, नोव्हेंबरात साध्या उपाहारगृहांचा दर ५ टक्क्यांवर उतरला. पाच टक्के कोणताही कॅशियर तोंडी काढील. रिटर्न तोंडी भरता येत नाही, ही खरी अडचण.

संगणकाला हॉटेलचा धंदा नवा आहे, असं मात्र कुणी समजू नये. धंद्याचे रोजचे हिशेब करणारा पहिला संगणक बँकेने नव्हे, चहा विकणाऱ्यांनी बांधला. लंडनच्या जे. लायन्स कंपनीची ठिकठिकाणी चहाची दुकानं होती. १९५१ च्या नोव्हेंबरात त्यांच्या 'लिओ'वर बेकरीचे हिशेब सुरू झाले. पुढे दुकानांतल्या बाया नेहमीच्या मागणीतला फरक फोनवर कळवत, तो कार्डांवर टोचला जाई आणि उद्या कुठे किती माल धाडायचा ते 'लिओ' सांगे.

लालबाग-परळमध्ये हेच काम १९७३ पासून भिंतीवरचं 'कालनिर्णय' करतं, तेही विजेशिवाय. मंगळवारी कांदाभजी खपतात, हे सॉफ्टवेअरला रिपोर्ट चाळून कळतं. येणारा मंगळवार अंगारकीचा आहे, सिद्धिविनायकाची रांग प्रभादेवीभर पसरणार, तेव्हा साबुदाणा आदल्या रात्रीच भिजला पाहिजे, हे गल्ल्यावरच्या काकांना न चाळता ठाऊक असतं.

गणपतीत तर तारखांचा पुरता गोंधळ. २०२३ मध्ये चतुर्थी १९ सप्टेंबरला आली, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. तारखेशी तारीख ताडणाऱ्या रिपोर्टला १९ सप्टेंबर २०२५ च्या मोदकविक्रीपुढे लाल बाण खाली घसरलेलाच दिसणार. घसरण थांबवायला एका मोदकावर एक फुकट द्या, असंही तो सुचवील. ऐन पितृपक्षात.